पाचवी तकबीर

दि. १२ फेब्रुवारी २०२५
ता. उमरगा

दोरीचं एक टोक दगडाखाली दाबून मी दुसरं टोक कबरीच्या उशाच्या बाजूला ओढत होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. एका हातात दोरी, एका हातात फोन. त्यामुळं तू जे जे विचारत गेलीस त्याला मी "हो, हो" म्हणत राहिलो. शेवटी तू म्हणालीस, "सर, तुम्ही फोनवर बोलत नाही. लिहून पाठवा. मला अजून मराठी वाचता येतं." आणि ठेवता ठेवता म्हणालीस, "तोपर्यंत तिथं काही बांधू नका."

चि. रबाब, तुला आणि तुझ्या मुलांना आशीर्वाद. मी ठीक आहे. उजवा गुडघा सकाळी धरतो, ऊन चढलं की सोडतो. ज्वारीची काढणी सुरू झाली आहे. आमचा योगीराज पुण्यातच असतो, रविवारी फोन करतो.

तू सांगितलंस तसं बांधकाम थांबवलं आहे. महांतप्पा गवंडी ओळंबा घेऊन शेजारीच उभा होता. मी दोरी गुंडाळली तर म्हणाला, "मास्तर, माप तर घ्या. फरशी कापून आणायची हाय." मी म्हटलं, नंतर बघू. "नंतर म्या मुरूमला हाय. मग शिमगा झाल्यावर." शिमग्यानंतरच बघू म्हटलं. तो थापी पिशवीत टाकून गेला. जाताना म्हणाला, "मिस्त्रीला तरी घाई न्हाय." तुझ्या वडिलांना गाव अजून मिस्त्रीच म्हणतं. वाईट हेतूनं नाही म्हणाला. त्याच्या विहिरीवरच्या दोन जळक्या मोटारी त्यांनी नवी तार भरून दिल्या होत्या.

तू गावातून गेलीस तेव्हा सातवीत होतीस. आता तुझं वय किती असेल ते मी काल मोजलं. अडतीस. तुझी आठवण काढणारं एकच माणूस इथं उरलं आहे, हरणाबाई. परवा रस्त्यात भेटली. म्हणाली, "रबाब म्हंजे माझ्या अंगणात वाघामागं नाचायची तीच ना?"

तीच.

मोहरमचा पंजा हरणाबाईच्या घरी असतो हे तुला आठवत असेल. त्यांच्या घरात कुणी मुसलमान नाही. तिच्या सासूचा नवस होता, तेव्हापासून पंजा त्यांच्याकडं. दहाव्या दिवशी हलगी, पिवळे-काळे पट्टे ओढलेले वाघ, मलीदा, अख्खं गाव अंगणात. तू आठ वर्षांची होतीस. वाघामागं नाचत होतीस. तुझी आई काळी ओढणी घेऊन आली, तुझा दंड धरला आणि सगळ्यांसमोर एक चापट मारली. बाया म्हणाल्या, "सणाच्या दिवशी लेकराला मारतेत व्हय?" तुझी आई म्हणाली, "ये ईद नहीं है. मय्यत का घर है." कुणाला काही कळलं नाही. हलगी सुरूच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तुला उभं केलं आणि विचारलं, तुमच्या घरी मोहरम का नाही करत? तू म्हणालीस, "सर, आमच्याकडं मयत झालंय." मी विचारलं, कोण गेलं? तू म्हणालीस, "इमाम हुसैन." वर्ग हसला. मीही हसलो. त्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. तू विसरली असशील. मी नाही विसरलो.

पुढं चार वर्षं तुझी आई दर मोहरमला तुला घेऊन हैदराबादला जायची आणि परत यायची. पाचव्या वर्षी आली नाही. तुझ्या वडिलांकडं तेव्हा अकरा जळक्या मोटारी पडल्या होत्या. "एवढ्या भरून देतो आन जातो," म्हणाले. त्या भरून होईपर्यंत आणखी आल्या. त्यांनी तुम्हाला सोडलं असं तू समजलीस. ते तुम्हाला सोडून कुठंही गेले नाहीत, एवढंच मी सांगू शकतो. ते जिथं होते तिथंच राहिले. तुझ्या बाजूनं बघितलं तर यात फरक नसेलही.

तुम्ही गेल्यावर मी त्यांना विचारलं, बाबा, हे शिया आणि सुन्नी काय आहे? एकच कुराण, एकच पैगंबर, तोंड एकाच दिशेला. मग भांडण कुठं आहे? ते मोटारीच्या पोटातून जळकी तार ओढून काढत होते. हात न थांबवता सांगत गेले. पैगंबर गेले तेव्हा पुढं कोण, हा प्रश्न आला. काही जण म्हणाले, पैगंबरांनी अलींचा हात धरून आधीच सांगून ठेवलंय. अली म्हणजे चुलत भाऊ, जावई, घरचा माणूस. बाकीचे म्हणाले, लोकांनी ठरवावं. त्यांनी अबू बकर यांना निवडलं.

"मग अली?"

"चुप बैठे."

"किती दिवस?"

"पचीस साल. चौथ्या नंबरला खलीफा झाले. अलीच्या बाजूनं राहिले ते शिया, मास्तर. वो झगडा नहीं था तब तक. झगडा बाद में खून में गया." मग करबला सांगितलं. अलींचा मुलगा हुसैन, सोबत बहात्तर माणसं, तीन दिवस पाणी बंद. दहाव्या दिवशी दुपारनंतर सगळं संपलं. ते सांगताना मात्र त्यांचा हात थांबला होता.

मी म्हटलं, आमच्या मठात असंच झालं होतं. स्वामी लिंगैक्य झाले. निम्मे म्हणाले, गादी त्यांच्या घराण्यात जाणार. निम्मे म्हणाले, भक्त निवडतील तो स्वामी. नऊ वर्षं कोर्टात होतं.

तुझे वडील दातात तार धरून हसले. "निकाल लागला का?"

"लागला."

"हमारा नहीं लगा."

तुझ्या वडिलांसारखा या गावात दुसरा कुणी नव्हता, हे मला हळूहळू कळलं. मुसलमानांची दुसरी चार घरं, चारही सुन्नी. ती माणसं दिवसातून पाच वेळा नमाज पढायची. तुझे वडील दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची एकदम पढायचे, तशीच संध्याकाळची आणि रात्रीची. हरणाबाई म्हणायची, "मिस्त्री दोन नमाजा चोरतंय." ते म्हणायचे, "चोरत नाही बाई, जोडून देतो. तुमच्या मोटारीची तार जोडतो तशी." ईदला ते मौलासाबांबरोबर ईदगाहला जायचे आणि रांगेच्या टोकाला हात सोडून उभे राहायचे. बाकीच्यांचे हात बांधलेले. एकदा कुणीतरी कोपर मारून खुणावलं. मौलासाब नमाज झाल्यावर त्याला म्हणाले, "हात त्याचे हायेत. त्याला ठिवू दे कुठं ठिवायचे ते."

मौलासाब तुला आठवत असतील. ट्रक चालवायचे, वरच्या आळीत घर. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

मोहरमच्या दहाव्या दिवशी मौलासाबांचा रोजा असायचा. तुझ्या वडिलांचा रोजा नसायचा, फाका असायचा. दुपार टळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. एकाच गावात दोन माणसं एकाच दिवशी उपाशी, कारणं वेगळी, आणि मधे हरणाबाईच्या अंगणात मलीदा. तुझे वडील दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसायचे. मी बाहेर ओट्यावर. आत जावं की नाही हे मला कळायचं नाही. आतून आवाज यायचा, तळहात छातीवर पडल्याचा. तू तिकडं हजारोंचा मातम बघितला असशील. इथं एकच हात होता. थोडा वेळ चालायचा, मग थांबायचा. मग पुन्हा.

तीस-एक वर्षं मी त्या ओट्यावर बसलो. रोज चारला. आमच्या घरी पार्वतम्मा होती तोवर चहा तिथून जायचा, ती गेल्यावर ते करायचे. आता चारला मी घरातच असतो.

तू विचारलंस, अब्बा कसे गेले. ते फोनवर सांगितलं तेच खरं आहे. १९ जानेवारी, रविवार. दोन दिवस दम लागत होता, उमरग्याला दाखवू म्हणालो तर "ही पाच हॉर्सची मोटार देऊन टाकतो मग" म्हणाले. दुपारी बाराच्या सुमाराला मी गेलो तेव्हा मोटारीवर डोकं टेकलेलं होतं. झोप लागली असं वाटलं. हातात तारेचं टोक होतं. त्रास झाला असावा असं चेहऱ्यावरून वाटलं नाही.

कुणी धुतलं, हे विचारलंस. मौलासाब आणि त्यांचे दोन पुतणे. गरम पाणी मी दिलं. कफन उमरग्याहून आलं. नमाज पढवायला तिथले पेशइमाम मोटरसायकलवर आले, त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. खड्डा काढायला अख्खी वरची आळी होती, त्यात आमची पोरंही होती. सहाच्या आत सगळं झालं. तोंड किबल्याकडं, मक्केच्या दिशेला आहे. त्या लोकांनी काही कमी केलं नाही, रबाब. हे तू लक्षात ठेव. जे कमी झालं ते त्यांच्यामुळं नाही.

आता तुझे बाकीचे प्रश्न.

तकबीर किती झाल्या? चार. चार वेळा "अल्लाहु अकबर".

तल्कीन कुणी दिली? कुणी नाही.

सजदागाह कुठं आहे? नमाजेत ते कपाळ टेकायचे ती करबलाच्या मातीची गोल वडी माझ्या घरी आहे, माझ्या कपाटात, पार्वतम्माच्या फोटोशेजारी. ती पोस्टानं पाठवायला मला धीर होत नाही.

पहिल्या रात्री वहशतची नमाज कुणी पढली का? अशी नमाज असते हेच मला तुझ्याकडून कळलं. एकटेपणाला घाबरणाऱ्या मेलेल्या माणसासाठी. त्या रात्री मी भाकरी खाऊन झोपलो.

यावर मी तुला असं लिहू शकलो असतो की मला माहीत नव्हतं. पहिल्या वेळी फोनवर मी तसंच म्हणालो. म्हणालो, आमच्यातही पुरतात, त्यामुळं मला वाटलं पुरणं म्हणजे पुरणं. लिंगायत माणूस असं म्हणाला तर लोकांना पटतं. आमच्यात बसवून पुरतात, तळहातावर लिंग ठेवतात, जंगम येऊन मस्तकावर पाय ठेवतो. पार्वतम्माच्या वेळी तुझे वडील खड्ड्यात उतरून माती सारखी करत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमचे लोक बसून वाट बघतात. आमचे झोपून." त्या दिवशी मला हसू आलं होतं. इतर कुणी म्हणालं असतं तर आलं नसतं.

पण मला माहीत होतं.

मौलासाबांचे भाऊ गेले तेव्हा तुझे वडील नमाजेला उभे राहिले होते, रांगेच्या टोकाला, हात सोडून. मी बाभळीखाली होतो. चार तकबीर झाल्या, सगळ्यांनी मान उजवीकडं फिरवली, डावीकडं फिरवली. तुझ्या वडिलांची मान सरळ होती आणि ओठ हलले. परत येताना मी विचारलं. म्हणाले, "हमारे में पाँच हैं, मास्तर. एक मन में बोल ली." मग सगळंच सांगितलं. तल्कीन म्हणजे कबरीत एक जण उतरतो, खांद्याला धरून हलवतो, नाव घेतो, बापाचं नाव घेतो. सुन, समझ, अमक्याच्या पोरा अमक्या. तुझा देव कोण, तुझा नबी कोण, तुझे इमाम कोण, हे त्याला आठवून देतात. मी म्हटलं, मेलेल्याला? "हौ. नवीन जगह रहती ना. आदमी घाबरता."

गेल्या दिवाळीनंतर एकदा त्यांनी स्वतःहून विषय काढला. "मी गेलो तर रबाबला फोन करा. तिच्या अम्मीच्या बाजूला जागा ठेवलीय." मी म्हटलं, आमच्या गावात जागा कमी पडली का? ते म्हणाले, "जगह की बात नहीं है मास्तर. कोई नाम लेके पुकारनेवाला होना." तुझा नंबर दुकानाच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाइकांच्या नंबरांत, पण चौकट करून.

१९ तारखेला बारापासून चारपर्यंत मी तीन वेळा त्या भिंतीसमोर उभा राहिलो. नंबर लावला नाही. फोन लागत नव्हता असं मी तुला सांगितलं ते खोटं आहे. तू म्हणालीस, सर, माझ्याकडं एकही मिस्ड कॉल नाही. मी म्हणालो, इथं रेंज नसते. रेंज होती.

मौलासाबांनी मला दोनच्या सुमाराला बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्तर, मिस्त्री शिया व्हता. त्यांच्यात थोडं येगळं असतंय. त्याचं कुणी असंल तर थांबू. थंडी हाय, सकाळपर्यंत चालतंय."

मी म्हणालो, कुणी नाही.

"पोरगी व्हती की."

"संबंध नव्हता."

"संबंध नसंना. पोरगी तर व्हती."

मग मी म्हणालो, नंबर लावला, लागत नाही. त्यांचा पुतण्या काहीतरी पुटपुटला तर ते त्याला म्हणाले, "मास्तर कशाला खोटं बोलतील?"

सजदागाह माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. ज्यानं बायकोच्या तळहातावर लिंग ठेवलं त्याला ती कबरीत कुठं ठेवायची हे सांगावं लागत नाही. पण काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं, हे काय, आणि त्यावरून पुन्हा पोरीची गोष्ट निघाली असती. मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. चौथ्या तकबीरनंतर माना फिरल्या. पाचवी म्हणणारा पुढं झोपलेला होता. ते दोन शब्द मला येतात. रोज पाच वेळा अजानमध्ये कानावर पडतात. मनात म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी म्हटले नाहीत.

का, हे तू विचारलेलं नाहीस. तरी लिहितो.

इथलं कब्रस्तान ओढ्याच्या अलीकडं आहे. त्याला लागून आमची रुद्रभूमी. मधे एक बांध. पार्वतम्मापासून तुझे वडील सदतीस पावलांवर आहेत. सकाळी निघालो की एका फेरीत दोघांकडं जाऊन होतं. मला वाटलं, फोन केला तर रात्रीपर्यंत गाडी येईल, तुम्ही त्यांना घेऊन जाल, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजतील. त्यापुढचं मला काही सुचलं नाही. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी इथपर्यंत टाळत आलो.

तू फोनवर अगदी शेवटी विचारलंस, "सर, दफन करताना कुणी अमानत म्हणालं होतं का?" मी "हो, हो" म्हणत होतो, त्यातच तेव्हा "नाही" म्हणालो. ते एकच उत्तर मी पटकन दिलं.

खरं असं आहे. तुझ्या वडिलांना खड्ड्यातल्या बाजूच्या कोनाड्यात ठेवून झालं होतं, फरशा लावायच्या होत्या. मौलासाब गुडघे दुखत असताना खाली बसले. मातीवर हात टेकला आणि हळू आवाजात म्हणाले, "ऐ मिट्टी, ये अमानत है. इसके लोगां आए तो वापस देना." मी पायथ्याशी होतो. मी ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही, फावडी चालू होती.

परत येताना मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाले, "काय न्हाय मास्तर. हैद्राबादेत चौदा वर्सं शिया मोहल्ल्यात गाडी लावत व्हतो. त्यांच्यात असं म्हणून ठिवतेत, मंग हलिवता येतंय म्हणे. आमच्यात हलवत न्हाईत. मला त्यातला मसला म्हाईत न्हाय. पर तुमचा नंबर उद्या लागला तर?"

उद्या मी लावला नाही. परवा लावला नाही. आठ दिवसांनी लावला तेव्हा पहिल्याच वेळी लागला. आणि तू रडत होतीस तेव्हा माझ्या मनात आलं की हिला अमानतचं माहीत असेल. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी महांतप्पाला बोलावलं. चारी बाजूंनी कट्टा, वर फरशी, पायथ्याशी नाव. गाव म्हणालं, मास्तरनं मैत्री निभावली. एकदा पक्कं बांधलं की तू फोडायला सांगणार नाहीस, हे माझ्या डोक्यात होतं. तू फोन केलास तेव्हा मी दोरीनं हेच मोजत होतो.

रबाब, तुमच्या मौलानांना विचार. सुन्नी माणसानं म्हटलेली अमानत चालते की नाही, तोंडानं म्हटलं तेवढं पुरतं की नाही, किती दिवसांत हलवावं लागतं, मला यातलं काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते म्हटलं गेलं. चालत असेल तर तुझ्या वडिलांना घेऊन जा. चालत नसेल तर निदान ये. चाळीसावा दिवस २७ तारखेला येतो. तुमच्यातला कुणी जाणकार सोबत आण. खांद्याला आता हात लावता येणार नाही, पण वरून हाक मारता येत असेल तर मार. मीर जव्वाद अली, वल्द मीर काझिम अली. मला नाव पाठ आहे. माझ्या तोंडून ते चालणार नाही म्हणून तू ये.

नेलंस तर रिकामी जागा बुजवावी लागेल. ती मी बुजवीन. त्याची काळजी करू नकोस.

मी माफी मागत नाही. शाळेत तुम्हाला मीच शिकवायचो, चूक लिहिली तर खोडून पुन्हा लिहा. हे खोडता येण्यासारखं नाही.

इथं सही करणार होतो. पण हा सगळा एकट्या माझा शब्द झाला, आणि माझ्या शब्दाची आता काय किंमत हे तुला कळलंच आहे. उद्या मौलासाबांना वाचून दाखवतो. मग पाठवतो.

१३ फेब्रुवारी, सकाळ

सातला मौलासाबांच्या ओट्यावर गेलो. सगळं वाचून दाखवलं, शिया-सुन्नीचं सुद्धा. तिथं त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "आमी बी हुसैनला मानतो, हे लिवा. आमी काय दुसरीकडचे न्हाईत." म्हणून लिहिलं.

पुढं दोन वाजताचं बोलणं आलं तेव्हा त्यांनी पुन्हा थांबवलं.

"नंबर लावलाच न्हाय?"

"नाही."

"एकदा बी?"

"नाही."

आतून सुनेनं चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. मग मौलासाब म्हणाले, "म्या सगळ्या उमरग्यात सांगत बसलो. मास्तरनं लई फोन लावले म्हणून." मी पुढं वाचू का विचारलं. "वाचा."

वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. खाली उर्दूत जे आहे ते त्यांनी लिहिलं आहे. मला वाचता येत नाही. त्यांनी सांगितलं त्यात असं आहे: अमानत मी म्हटलं होतं, शुद्धीत आणि मनापासून म्हटलं होतं, आणि विचारलं तर कुठंही येऊन सांगेन. सही केली. पेन माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवलं.

मी नऊच्या गाडीनं उमरग्याला आलो. ते आले नाहीत. पोस्टातल्या बाकावर बसून हे शेवटचं लिहितो आहे. खिडकी उघडली आहे, पुढं दोघं जण आहेत.

तुझ्या वडिलांना न विचारता ठेवून घेणारा,
कल्याणप्पा